एका ठोक्याचा हिशेब



खेळ हा शब्द उच्चारला कीं आपल्या डोळ्यांपुढें चपळ हात, सावध नजर आणि थोडेंसें दैव अशा तीन गोष्टी उभ्या राहतात. यांपैकीं हाताची चपळाई आणि दैवाची कृपा या दोन वजा केल्या, तर मागें काय उरेल? कांहींच उरणार नाहीं, असें प्रथमदर्शनीं वाटतें. परंतु संगणकावरील खेळांच्या जगांत गेलीं पंचवीसांहून अधिक वर्षें असा एक प्रकार चालत आला आहे कीं, ज्यांत या दोन्ही गोष्टी जाणूनबुजून बाजूस ठेवलेल्या असतात. आणि तरीही जें उरतें तें पाहण्यास लोक उत्सुक असतात. त्याला इंग्रजींत 'टूल-असिस्टेड स्पीडरन' असें लांबलचक नांव असून आद्याक्षरांवरून 'टास' हें सुटसुटीत नांव रूढ झालें आहे. साधनांच्या साहाय्यानें, कमींत कमी वेळांत खेळ पुरा करणारी धाव, असा त्याचा अर्थ. हें नांव ज्या खेळाच्या संबंधांत प्रथम प्रचारांत आलें, त्या 'डूम' नांवाच्या खेळाच्या आधारें, नवशिक्यानें या विद्येंत पहिलें पाऊल कसें टाकावें, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

प्रथम खेळाची थोडी ओळख करून घेऊं. डूम हा बंदूकबाजीचा खेळ अमेरिकेंतील टेक्सास राज्यांत 'इड सॉफ्टवेअर' या लहानशा मंडळीनें तयार केला, व १० डिसेंबर १९९३ रोजीं तो लोकांच्या हातीं आला. खेळाचें अंतरंग चालविणारा प्रोग्रॅम मुख्यतः जॉन कारमॅक यांनीं लिहिला. जॉन रोमेरो, सँडी पीटरसन प्रभृतींनीं त्यांतील स्थळांची रचना केली. कथा अगदीं थोडकी आहे. मंगळाच्या फोबस व डायमॉस या उपग्रहांवरील तळांवर नरकांतील राक्षसांनीं धाड घातली आहे, आणि एकटा शिपाई हातांत बंदूक घेऊन त्यांच्यांतून वाट काढीत आहे. खेळणारा त्या शिपायाच्याच डोळ्यांनीं सारें पाहतो. खेळाचे जे भाग पाडलेले आहेत त्यांस लेव्हल म्हणतात. प्रत्येक लेव्हल म्हणजे दालनें, जिने, दारें आणि गुप्त खोल्या यांचें एक आवार. त्यांतील शेवटची कळ दाबली कीं ती लेव्हल संपली. पहिल्या नऊ लेव्हलींचा एक संपूर्ण खंड कर्त्यांनीं विनामूल्य वांटूं दिला होता, आणि त्यामुळें हा खेळ फार थोड्या काळांत दूरवर पसरला.

लेव्हल संपतांच पडद्यावर दोन आकडे शेजारीं शेजारीं दिसतात. एक आकडा आपणांस लागलेल्या वेळाचा, व दुसरा कर्त्यांनीं नमुन्यादाखल ठरविलेल्या वेळाचा. पहिल्या लेव्हलीचा हा नमुना ३० सेकंदांचा आहे. असे दोन आकडे एकत्र मांडले म्हणजे माणसाच्या मनांत चुरस उत्पन्न व्हावयाचीच! १९९४ सालापासूनच खेळाडू आपापल्या धावा टिपून एकमेकांस दाखवूं लागले. कर्त्यांनीं तीस सेकंदांची मानलेली ती पहिली लेव्हल १९९८ सालीं एका खेळाडूनें ९ सेकंदांत संपविली. तो विक्रम सुमारें वीस वर्षें अबाधित राहिला, आणि २०१९ सालीं तो ८ सेकंदांवर आला. एवढ्या एका सेकंदासाठीं दोन दशकें कां लागावीं, हें समजण्यासाठीं खेळाच्या घड्याळाकडे वळलें पाहिजे.

डूमचें घड्याळ सेकंदास ३५ ठोके देतें. या ठोक्यास इंग्रजींत 'टिक' म्हणतात. आपण ठोकाच म्हणूं. दोन ठोक्यांच्या मध्यें त्या जगांत कांहींही घडत नाहीं. प्रत्येक ठोक्यास खेळ आपणांस जणूं चार प्रश्न विचारतो : पुढें किंवा मागें किती सरकणार? डावीकडे किंवा उजवीकडे किती? तोंड किती वळविणार? आणि गोळी झाडणें, दार उघडणें किंवा शस्त्र बदलणें यांपैकीं काय करणार? चारही उत्तरें आंकड्यांचीं असतात, आणि प्रत्येक उत्तर संगणकाच्या एकाच बाइटमध्यें मावतें. शेवटीं सारे ठोके मोजून खेळ त्यांचे पूर्ण सेकंद करतो व उरलेला अपूर्णांक सोडून देतो. ३१५ ठोके झाले म्हणजे बरोबर ९ सेकंद. ३१४ ठोके झाले तर पडद्यावर ८. नऊ आणि आठ यांच्या मधली भिंत ही अशी एका ठोक्याची, म्हणजे एका सेकंदाच्या पस्तिसाव्या भागाची, असूं शकते.

आतां धाव टिपण्याची रीत पाहूं. टिपलेल्या धावेस 'डेमो' म्हणतात. डेमोच्या प्रारंभीं १३ बाइटांचें शीर्षक असतें. त्यांत खेळाची आवृत्ति, काठिण्याची पायरी, लेव्हलीचा क्रमांक इत्यादि माहिती असते. त्यानंतर प्रत्येक ठोक्यामागें चार बाइट, आणि शेवटीं समाप्तीची खूण म्हणून एक. म्हणजे एक मिनिटाची धाव टिपावयास अवघे ८,४१४ बाइट पुरतात. यांत चित्र नाहीं, आवाज नाहीं, राक्षस कोठें उभा होता याची नोंद नाहीं. आहेत तीं केवळ खेळणाऱ्याच्या हातांचीं उत्तरें. डेमो पुन्हां चालविला कीं खेळ तीं उत्तरें एकामागून एक वाचतो आणि सारा प्रसंग नव्यानें घडवून आणतो.

ज्यांस संगीताची आवड आहे त्यांच्या लक्षांत हा भेद लगेच येईल. गाण्याची ध्वनिमुद्रिका निराळी आणि गाण्याची स्वरलिपि निराळी. डेमो ही स्वरलिपि आहे. मात्र एक फरक ध्यानांत ठेवावा. एकच स्वरलिपि दोन गवयांनीं गाइली तर दोन गाणीं होतात. डूममध्यें तीच लिपि हजार वेळां वाजविली तरी हजारही वेळां तेंच गाणें निघतें.

असें कां व्हावें? राक्षसाचा नेम चुकणें, गोळीचा घाव कमी-अधिक लागणें, या गोष्टी तर दैवाधीन दिसतात. पण डूममधील दैव एका तक्त्यांत लिहून ठेविलेलें आहे. त्या तक्त्यांत ०पासून २५५पर्यंतच्या अंकांतून घेतलेल्या २५६ संख्या ठराविक क्रमानें मांडलेल्या आहेत. जेव्हां जेव्हां दैवाचा कौल घ्यावयाचा असेल, तेव्हां खेळ तक्त्यांतील पुढची संख्या उचलतो. तक्ता संपला कीं पुन्हां पहिल्यापासून आरंभ. डेमो टिपण्यास सुरुवात होते तेव्हां बोट नेहमीं तक्त्याच्या आरंभींच असतें. म्हणून तींच उत्तरें दिलीं तर कौलही तेच पडतात, आणि एका ठोक्याचें उत्तर बदललें तर त्यापुढील सारे कौल बदलूं शकतात. हातानें खेळणाऱ्यास हें दैवच होय, कारण इतक्या वेगांत त्याला तक्ता वाचतां येत नाहीं. टास रचणाऱ्यास मात्र तो तक्ता म्हणजे उघडें पंचांग आहे.

डूमच्या मूळ प्रोग्रॅममध्यें डेमो टिपावयाचा तर तो एका दमांत, खऱ्या वेगानें खेळून टिपावा लागे. डिसेंबर १९९७मध्यें इड सॉफ्टवेअरनें त्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर सर्वांस खुला केला, आणि १९९९ सालीं अँडी केम्पलिंग यांनीं त्यांत फेरफार करून एक निराळी आवृत्ति प्रसिद्ध केली. तीमध्यें खेळ मंद गतीनें चालवून, आणि मध्यें थांबून अनेक बैठकींत डेमो टिपतां येऊं लागला. त्याच वर्षीं जूनमध्यें अशा धावा एकत्र ठेवण्यासाठीं एक संग्रह निघाला, आणि त्याच्या नांवांतूनच 'टूल-असिस्टेड स्पीडरन' ही संज्ञा प्रचारांत आली. पुढें ती इतर असंख्य खेळांकडे गेली.

येथें एक प्रश्न कोणीही विचारील. ही लबाडी नव्हे काय? त्याचें उत्तर असें कीं, टास रचणारा खेळास हात लावीत नाहीं. भिंती त्याच, राक्षस तेच, तक्ता तोच. शिपायाचें बळ वाढविलेलें नाहीं कीं बंदुकींत अधिक गोळ्या घातलेल्या नाहींत. बदललेली गोष्ट एकच : प्रत्येक ठोक्याचें उत्तर देण्यापूर्वीं विचार करण्यास मिळणारा अवधि. बुद्धिबळांत सामना खेळणारा आणि कूटप्रश्न रचणारा असे दोन प्रकारचे जाणकार असतात. दोघांचीं मोहरीं आणि नियम एकच. पहिल्यापुढें घड्याळ असतें. दुसरा एका खेळीवर महिनाभर बसला तरी त्याला कोणी नांवें ठेवीत नाहीं. टास हा कूटप्रश्न रचण्याचा प्रकार आहे. लबाडी केव्हां होते, तें शेवटीं पाहूं.

आतां प्रत्यक्ष आरंभ कसा करावा? साहित्य फार थोडें लागतें. एक तर खेळाचें भांडार, म्हणजे ज्या फाईलींत लेव्हली, चित्रें व ध्वनि साठविलेले असतात ती फाईल. संपूर्ण डूम विकत मिळतो. परंतु पहिल्या खंडाची विनामूल्य फाईल शिकण्यास पुरेशी आहे. दुसरी गोष्ट म्हणजे तें भांडार चालविणारा प्रोग्रॅम. आज या कामासाठीं 'डीएसडीए-डूम' हा विनामूल्य प्रोग्रॅम वापरतात. त्यांत खेळ ठोक्याठोक्यानें पुढें नेण्याची, मागें घेण्याची आणि प्रत्येक उत्तर आंकड्यांनीं लिहिण्याची सोय आहे. हा प्रोग्रॅम डूमच्या अनेक आवृत्त्यांचें अनुकरण करूं शकतो. म्हणून कोणत्या आवृत्तीप्रमाणें वागावें, हें त्याला आरंभींच एका आंकड्यानें सांगावें लागतें. विनामूल्य खंडासाठीं व डूमच्या दुसऱ्या भागासाठीं हा आंकडा २, 'अल्टिमेट डूम'साठीं ३ आणि 'फायनल डूम'साठीं ४ असतो. हा आंकडा चुकला तर पुढची सारी मेहनत फुकट जाण्याचा संभव असतो.

साहित्य जमलें तरी लगेच रचनेस बसूं नये. प्रथम पहिली लेव्हल हातानें पंचवीस-तीस वेळां खेळावी व दोनचार डेमो साध्या रीतीनें टिपावे. टिपलेला डेमो चालवून पाहावा. आपण कोठें भिंतीस घासलों, कोठें उगाच थबकलों, हें डोळ्यांस दिसूं लागतें. त्यानंतर उत्तम खेळाडूंनीं हातानें केलेल्या धावा पाहाव्या. त्यांचे डेमो सर्वांसाठीं खुले असतात. वाट कोणती धरावी हें हातानें खेळणाऱ्यांनीं पिढ्यान् पिढ्या घांसूनपुसून ठरविलेलें असतें. तें न पाहतां आरंभ करणारा नवशिका जुनाच रस्ता नव्यानें खणीत बसतो.

मग धावेचा प्रकार ठरवावा. नुसती लेव्हल लवकर संपविणें हा एक प्रकार. सर्व राक्षस मारून व सर्व गुप्त खोल्या पाहून संपविणें हा दुसरा. एकाही राक्षसास इजा न करतां निसटणें हा तिसरा. काठिण्याच्या पांच पायऱ्या आहेत, त्यांतील चौथी बहुधा धरितात. पांचवींत राक्षस अधिक वेगवान् असतात व मेलेले पुन्हां उठतात. नवशिक्यानें चौथ्या पायरीवर, पहिलीच लेव्हल, केवळ वेगासाठीं घ्यावी. लहान काम पुरें करण्यांत जें शिक्षण आहे तें मोठें काम अर्धवट टाकण्यांत नाहीं.

रचना सुरू झाली कीं तीन गोष्टींचा हिशेब सतत करावा लागतो : चाल, दार आणि दैव.

चालीचा हिशेब शाळेंतल्या भूमितीचा आहे. धांवतांना पुढें जाण्याचा आंकडा जास्तींत जास्त ५० असतो आणि बाजूस सरकण्याचा ४०. खेळानें या दोहोंच्या बेरजेवर कोणतेंही बंधन घातलेलें नाहीं. म्हणून दोन्ही एकदम केल्यास शिपाई तिरका जातो व त्याचें बळ कर्णाइतकें, म्हणजे सुमारें ६४, होतें. सरळ धांवण्यापेक्षां हें शेंकडा २८ अधिक झालें. एका विशेष युक्तीनें बाजूचा आंकडाही ५०वर नेतां येतो. मग कर्ण ७०च्या थोडा वर जातो व शेंकडा ४१ लाभ होतो. परंतु ही दुसरी युक्ति करतांना वळण्याचें साधनच बाजूस सरकण्याच्या कामीं गुंतलेलें असतें; त्यामुळें हातानें खेळणाऱ्यास त्याच वेळीं तोंड वळवितां येत नाहीं. डेमोच्या फाईलींत मात्र दोन्ही आंकडे एकाच ठोक्याच्या रकान्यांत सुखानें लिहितां येतात. जेथें हाताची मर्यादा संपते पण खेळाचा नियम संपत नाहीं, अशा जागा टास दाखवितो. कांहीं भिंतींना विशिष्ट कोनांत घासून धांवलें असतां वेग जवळजवळ दुप्पट होतो, हीही अशीच एक गंमत आहे; ती प्रोग्रॅममधील एका दोषामुळें घडते, आणि हातानें खेळणारेही तिचा उपयोग करितात.

आणखी एक बारकावा. मूळ पद्धतीच्या डेमोंत वळण्याच्या उत्तरासही एकच बाइट असतो. म्हणून पूर्ण वर्तुळाचे २५६ भाग पडतात व एक भाग सुमारें १.४ अंशांचा होतो. याहून सूक्ष्म वळण लिहितां येत नाहीं. एखाद्या कोपऱ्यास घासून जावयाचें असेल तर कोन एका भागानें कमी घ्यावा कीं जास्त, हा निर्णय करावा लागतो, व त्यासाठीं कधीं कधीं दहा-बारा ठोके आधींपासून तयारी करावी लागते.

दाराचा हिशेब याहून मनोरंजक आहे. डूममधील साधें दार वर सरकत उघडतें, आणि ठोक्यास दोन एकक इतक्या वेगानें उघडतें. शिपायाची उंची ५६ एकक आहे. अर्थात् तो आंत शिरण्याइतकें दार उघडावयास २८ ठोके लागणारच. कोणाच्याही घाईनें तें अधिक वेगानें उघडणार नाहीं. मात्र दार उघडण्यासाठीं त्यास चिकटून उभें राहावें लागत नाहीं. ६४ एककांच्या अंतरावरून तें उघडतां येतें. पूर्ण वेगानें सरळ धांवणारा शिपाई ठोक्यास सोळा-सतरा एकक जातो. म्हणजे दुरून कळ दाबली तर दाराशीं पोंचेपर्यंत तीनचार ठोके पदरांत पडतात, आणि उरलेले सारे ठोके थांबण्यांत जातात. यावरून दोन धडे मिळतात. पहिला : दाराआधींच्या धांवेंत वांचविलेला प्रत्येक ठोका कामाचा आहे, कारण कळ तितकी लवकर दाबली जाते. दुसरा : कळ दाबल्यावर दार पुरेसें उघडेपर्यंतचे ठोके फुकटचे आहेत, त्यांत घाई करून कांहीं मिळत नाहीं, परंतु त्यांचा दुसरा उपयोग करतां येतो. तो उपयोग दैवाच्या हिशेबांत आहे.

समजा, वाटेंत एक 'इम्प' नांवाचा राक्षस आडवा उभा आहे. त्याची जीवनशक्ति ६० आहे. आपल्या शॉटगनमधून एका वेळीं सात छरे सुटतात आणि प्रत्येक छरा तक्त्याच्या कौलाप्रमाणें ५, १० किंवा १५ घाव करतो. सातही लागले तर एकूण घाव ३५पासून १०५पर्यंत कितीही असूं शकतो. म्हणजे एका बारांत राक्षस मरेल किंवा उभा राहील, हें कौलावर अवलंबून आहे. हातानें खेळणारा हरला तर पुन्हां पहिल्यापासून सुरुवात करतो. टास रचणारा कांहीं ठोके मागें जातो व कौल बदलेल असें कांहीं करतो. एक ठोका उशिरां झाडतो. एखादा राक्षस आधीं जागा होईल असा आवाज करतो. किंवा दाराशीं थांबण्याच्या त्या फुकटच्या ठोक्यांत भिंतीवर एक गोळी झाडून तक्त्यावरील बोट पुढें सरकवितो. या शेवटच्या उपायास वेळाचा कांहींच खर्च नाहीं. म्हणून जाणते लोक थांबण्याच्या जागा हेरून ठेवतात, आणि पुढच्या संकटाची व्यवस्था तेथें बसून करतात.

हें सर्व संगणकाकडूनच करवून घेतां येणार नाहीं काय? कांहीं अंशीं येतें. डीएसडीए-डूममध्यें अशी योजना आहे कीं, थोड्या ठोक्यांसाठीं उत्तरांच्या मर्यादा व हवें तें फळ सांगावें, आणि यंत्रानें सर्व जुळण्या एकेक करून तपासाव्या. परंतु येथें गणित आडवें येतें. पुढें जाणें, बाजूस सरकणें व वळणें यांना प्रत्येकीं तीनच पर्याय दिले, तरी एका ठोक्यास २७ जुळण्या होतात, आणि पांच ठोक्यांस १,४३,४८,९०७! दहा ठोक्यांचा विचारही नको. यंत्र अफाट कष्ट करील, पण कोणत्या पांच ठोक्यांत कष्ट करावे, हें त्याला सुचत नाहीं. वाट कोणती, थांबा कोठें, कोणता राक्षस जिवंत सोडावा, हा विचार माणसाचाच राहतो. हात गेला, दैव गेलें, तरी बुद्धि आणि चिकाटी मागें उरतात. आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर हेंच आहे.

धाव पुरी झाली म्हणजे डेमो नव्यानें, पहिल्यापासून, कोठेंही न थांबतां चालवून पाहावा. रचतांना सर्व ठीक दिसून चालवितांना बिघडण्याचा प्रसंग येऊं शकतो. आवृत्तीचा आंकडा चुकणें हें त्याचें नेहमींचें कारण. एकदां ताल सुटला कीं शिपाई भिंतीवर डोकें आपटीत राहतो आणि रिकाम्या हवेंत गोळ्या झाडतो. हें दृश्य हास्यास्पद असलें तरी उपयुक्त आहे. तें आपणांस सांगतें कीं, हातांचीं उत्तरें तींच असलीं तरी ज्या जगास तीं दिलीं तें जग तेंच राहिलेलें नाहीं.

आणि आतां शेवटची गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. डेमोच्या फाईलींत चार चार आंकड्यांवांचून दुसरें कांहीं नसतें हें आपण पाहिलें. ते आंकडे हातानें एका दमांत दिले, कीं महिनाभर बसून लिहिले, हें ते आंकडे स्वतः सांगत नाहींत. साध्या डेमोंत हाताचा मुद्रांक उमटत नाहीं. सावधपणें रचलेला टास हाताची धाव म्हणून खपविणें म्हणूनच अशक्य नाहीं. आणि तसें केलें तर ज्यानें वर्षानुवर्षें हात झिजवून एक ठोका वांचविला त्याच्या कष्टांवर दरोडा पडतो. लबाडी होते ती येथें. रचण्यांत लबाडी नाहीं, रचलेलें आहे हें लपविण्यांत आहे.

याचें एक बोधप्रद उदाहरण दुसऱ्या खेळांतील आहे. २००३ सालीं 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' हा खेळ सुमारें अकरा मिनिटांत संपविणारी एक चित्रफीत जगभर फिरली. ती मोरिमोतो या नांवानें वावरणाऱ्या एका जपानी खेळाडूनें साधनांच्या मदतीनें रचलेली होती. परंतु जेथें जेथें ती पोंचली तेथें तेथें ही माहिती तिच्याबरोबर पोंचली नाहीं. पुष्कळांनीं ती हाताची करामत समजून तोंडांत बोटें घातलीं. आणि खरा प्रकार कळतांच त्यांतील कित्येक आपण फसविले गेलों म्हणून संतापले. चित्रफीत तीच, कौशल्य तेंच. तिच्यावरचें एक नामपत्र हरवलें आणि कौतुकाचा राग झाला.

म्हणून डूमच्या धावा जपून ठेवणाऱ्या मंडळींत असा शिरस्ता आहे कीं, डेमोबरोबर एक लहानसें टिपण जोडावें. त्यांत लेव्हल कोणती, काठिण्य कोणतें, प्रोग्रॅम व त्याची आवृत्ति कोणती, वेळ किती लागला, हें लिहावें. आणि धाव रचलेली असेल तर 'टास' हा शब्द स्पष्ट घालावा. संग्रहांतही अशा धावांवर तशी खूण करून त्या हाताच्या धावांपासून निराळ्या मोजल्या जातात. नवशिक्यास माझें सांगणें असें कीं, हें टिपण शेवटीं न लिहितां सर्वांत आधीं लिहावें. रचनेस बसण्यापूर्वींच कोऱ्या कागदावर 'टास' हा शब्द लिहिला, म्हणजे पुढें धाव कितीही सुंदर झाली तरी मनांत दुसरा विचार येण्यास जागा राहत नाहीं.

असें नामपत्र लावलेली धाव हातानें खेळणाऱ्याची वैरीण ठरत नाहीं. ती त्याची वाटाडी होते. अमुक दार तमुक अंतरावरून उघडतें, अमुक कोपरा तमुक कोनांत घासतां येतो, असें एकदां टासनें सिद्ध केलें म्हणजे निदान तें शक्य आहे एवढें तरी हातास कळतें. मग हातानें तेथवर पोंचावयाचें कीं नाहीं, हा हाताचा प्रश्न. सीमा कोठें आहे हें ठाऊक नसतां तिच्याकडे चालणें आणि सीमेवरचा दगड दुरून दिसत असतां चालणें, यांत अंतर आहे.

तेव्हां, ज्यांस या विद्येची गोडी लागेल त्यांनीं पहिला खंड आणावा, पहिली लेव्हल उघडावी, आणि शिपायास पहिल्या ठोक्यास काय सांगावयाचें तें ठरवावें. त्यांची पहिली रचना हातानें केलेल्या विक्रमापेक्षां मंद ठरण्याचाच संभव आहे. त्यांत लाजण्याचें कारण नाहीं. दुसऱ्या दिवशीं पुन्हां बसावें आणि एक ठोका कोठें वांचतो तें शोधावें. तो सांपडला म्हणजे ३५ ठोक्यांचा सेकंद केवढा मोठा असतो हें त्यांचें त्यांनाच उमजेल. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.